शॉर्टकट मारलेला मारिओ चालतो का? शहापूरच्या गणपतीतली एक भानगड

आधी प्रकरण काय ते सांगतो. बेळगावात शहापूर भागातल्या एका गल्लीच्या मंडळानं गेल्या गणपतीत रांगोळी, संगीत खुर्ची, पाककृती ह्या ठरलेल्या स्पर्धांच्या जोडीला मारिओ ह्या जुन्या व्हिडिओ गेमची स्पर्धा ठेवली. बक्षीस एक हजार रुपये आणि एक किलो कुंदा, म्हणजे आमची बेळगावची दुधाची मिठाई. पेंडॉलबाहेर फ्लेक्स लावला, वर मराठी खाली कन्नड, ‘जो सर्वात कमी वेळात मारिओ पूर्ण करेल तो विजेता’. नियम दोन्ही भाषेत होते आणि दोन्हीत सारखेच अर्धवट. कुठल्या मशीनवर, कुठून सुरुवात करायची, मधल्या लेव्हल गाळल्या तर चालतंय का, ह्यातलं काहीच नाही. कार्यकर्त्यांना वाटलं मारिओ म्हणजे मारिओ, त्यात काय लिहायचं.

मशीन दोन होती. एक कुणाच्या तरी माळ्यावरून काढलेला नव्वदच्या दशकातला टीव्ही गेम, पिवळी कॅसेट आणि डबा टीव्हीसकट. दुसरी हल्लीची एचडीएमआयला लावायची स्टिक, तिच्यात हजारो गेम भरलेले, ती मंडळाच्या मोठ्या एलईडीला जोडलेली. गर्दी बघून दोन्हीवर एकदम खेळ सुरू केला आणि एक कार्यकर्ता मोबाईलचं स्टॉपवॉच धरून बसला.

संध्याकाळी तीन निकाल हातात. वडगावचा डिप्लोमाला असलेला एक पोरगा, त्यानं जुन्या मशीनवर सहा मिनिटांच्या थोडं वर वेळ लावला. खानापूरहून मामाकडं आलेली एक दहावीतली पोरगी, तिनं स्टिकवर ९ मिनिटं ४० सेकंदात संपवला. आणि उद्यमबागेत फौंड्रीत कामाला असलेले एक मामा, वय पंचेचाळीसच्या पुढं, त्यांनी जुन्या मशीनवर ३६ मिनिटं घेतली, पण सगळ्याच्या सगळ्या ३२ लेव्हल एकही न गाळता. फ्लेक्सवरचा नियम लावला तर डिप्लोमावाला जिंकला. तो जिंकला म्हणून जाहीर करायला माईक हातात घेतला आणि मग जी बोंबाबोंब झाली ती आरतीपर्यंत चालली.

मामांचं म्हणणं, "मी अख्खा गेम खेळलोय, ह्या दोघांनी चोरवाट धरली, मग तुलना कशी करायलाय तुम्ही?" पोरगी म्हणायची मी काहीही चोरलेलं नाही, पाईप गेममध्येच आहेत. डिप्लोमावाला नुसता हसत होता. अध्यक्ष म्हणाले उद्या बघू. आणि रात्री मला फोन, कारण माझं कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान गल्लीच्या तोंडाला आहे आणि मी फावल्या वेळात जुन्या गेमच्या मागं लागलेला असतो हे सगळ्यांना माहीत आहे. पंच म्हणून ये म्हणाले.

दोन शॉर्टकट, दोन वेगळ्या जाती

पहिल्यांदा डिप्लोमावाल्याचं बघितलं. त्या जुन्या कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ असं छापलेलं. ज्यांनी ह्या कॅसेटी वापरल्यात त्यांना माहीत आहे, लाखो गेम वगैरे काही नसतात, पाचपन्नास असतात आणि तेच फिरून फिरून येतात. फरक पाडायला कॅसेटवाले काय करायचे तर तोच मारिओ, (त्यात आठ वर्ल्ड, एकेकात चार लेव्हल) पण एका नावाखाली पहिल्या वर्ल्डपासून सुरू, दुसऱ्या नावाखाली पाचव्यापासून, तिसऱ्याखाली आठव्यापासून. ह्या पट्ठ्यानं मेनूत खाली खाली जाऊन आठव्या वर्ल्डवाला मारिओ शोधला आणि शेवटच्या चारच लेव्हल खेळला. म्हणजे लेव्हल चार, राक्षस एक, राजकन्या सुटली, घरी जा.

मी म्हटलं हे बाद. तो म्हणाला, "का बाद, कॅसेटमध्ये आहे म्हणजे गेममध्येच आहे की." मी सांगितलं की मूळ गेम निन्टेंडो ह्या जपानी कंपनीचा, १३ सप्टेंबर १९८५ ला जपानमध्ये आलेला, सगळा मिळून ४० किलोबाइट, म्हणजे आज व्हॉट्सअपवर येणारा गुड मॉर्निंगचा एक फोटोसुद्धा त्याच्यापेक्षा मोठा असतो. त्या ४० किलोबाइटमध्ये आठव्या वर्ल्डपासून सुरू करायचा मेनू नाही, तो कॅसेट बनवणाऱ्यानं बाहेरून लावलाय. त्यावर तो म्हणाला मग अख्खी कॅसेटच डुप्लिकेट आहे, मंडळानंच डुप्लिकेटवर स्पर्धा घेतली. आता हे खरंच होतं. आमच्याकडं त्या काळात कंपनीचा ओरिजिनल डबा बघितलेलं माणूस शोधून सापडायचं नाही, सगळ्यांचा मारिओ असल्याच कॅसेटीतला. वर ‘मारिओ १४’, ‘मारिओ १६’ असलीही नावं असायची, ज्यात दुसऱ्याच कुठल्या गेमच्या हिरोच्या धडावर मारिओचं डोकं चिकटवलेलं, आणि आम्ही पोरं कितीतरी वर्षं खरंच सोळा भाग आलेत समजून भांडत होतो. पण स्पर्धा घ्यायची तर रेघ कुठंतरी मारायलाच पाहिजे. ज्यानं गेम बनवला त्यानं जे आत ठेवलंय ते खेळाचा भाग, बाकीचं नाही. ही रेघ सगळ्यांना पटली, डिप्लोमावाल्याला सोडून.

मग पोरगीचं प्रकरण. तिनं काय केलं, १-२ ला, म्हणजे पहिल्या वर्ल्डच्या दुसऱ्या, जमिनीखालच्या लेव्हलमध्ये, शेवटाला छताच्या विटांवर चढून स्क्रीनच्या वरनं पळत गेली. तिथं पुढं एक खोली लागते, तीन पाईप, वर ४, ३, २ असे आकडे, आणि अक्षरं येतात ‘वेलकम टू वॉर्प झोन’. वॉर्प म्हणजे मधली वर्ल्ड गाळून पाईपातनं थेट त्या आकड्याच्या वर्ल्डला जाणं. चारच्या पाईपात उतरली. मग ४-२ ला गेली, तिथं एका ठिकाणी हवेत न दिसणारे ठोकळे आहेत, ते डोकं मारून उघडायचे, त्यावर चढून वरच्या एका विटेला डोकं मारायचं, त्यातनं वेल निघते, वेलीवरनं वर, तिथं परत तीन पाईप ८, ७, ६. आठमध्ये उतरली. हिशेब केला तर १-१, १-२, ४-१, ४-२ आणि आठव्या वर्ल्डच्या चार, अशा आठ लेव्हल. बत्तीसातल्या आठ. सगळ्यात जवळची वाट हीच.

मामांना हेच खुपत होतं. त्यांचं लहानपण खडेबाजारच्या बाजूला एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये गेलंय, तिथं पैसे देऊन तीन लाईफ मिळायचे, आणि अख्खा मारिओ चालत पार करणारा म्हणजे त्या पार्लरमधला दादा. वॉर्प मारणारा म्हणजे घाबरट. त्यामुळं मामांना १-२ चं छत माहीत असूनही ते कधी त्याच्यावर चढले नाहीत. ही गोष्ट पुढं त्यांना लई महागात पडणार होती.

कंपनी स्वतः काय म्हणते

इथं मला मारिओचा इतिहास उकरावा लागला, आणि मंडळात खुर्चीवर बसून मी तो सांगितलाही, अर्धे लोक प्रसादाच्या रांगेत होते तरी.

मारिओ पहिल्यांदा दिसला १९८१ ला डाँकी काँगमध्ये, तेव्हा त्याचं नावही मारिओ नव्हतं, जंपमन म्हणायचे. निन्टेंडोचा आधीचा रेडार स्कोप नावाचा आर्केड गेम अमेरिकेत पडला, मशीन गोदामात पडून राहिली, तीच मशीन बदलून नवा गेम करायचं काम शिगेरु मियामोतो नावाच्या तरुण डिझायनरकडं आलं. मिशा का, तर एवढ्याशा चित्रात तोंड दाखवता येत नाही. टोपी का, तर केस काढायला नकोत. १९८३ ला मारिओ ब्रदर्स आला, दोघं भाऊ आणि पाईप. आणि १९८५ ला मियामोतो आणि ताकाशी तेझुका दोघांनी मिळून सुपर मारिओ ब्रदर्स केला, संगीत कोजी कोंदोचं. लेव्हल ग्राफ पेपरवर काढलेल्या. जागा वाचवायला वरचा ढग आणि खालचं झुडूप एकच चित्र आहे, फक्त रंग बदललाय. हे सांगितल्यावर ती पोरगी टीव्हीजवळ जाऊन ढग आणि झुडूप बोटानं मोजायला लागली.

आता मुद्दा. त्या गेममध्ये सेव्ह नाही. लाईट गेली की पहिल्यापासून. ३२ लेव्हल एका बैठकीत, आणि मागं आई ‘बंद कर तो डबा’ म्हणतेय. मला तरी असं वाटतं की वॉर्प झोन त्यासाठीच आहे, ज्याला पहिली तीन वर्ल्ड पाठ झालीत त्याला रोज रोज तेच दळण दळायला लावू नये म्हणून. चोरवाट असती तर आत स्वागताचा बोर्ड लावला नसता. हे ऐकून मामा जरा गप्प झाले. "बोर्ड खुद्द कंपनीनं लावलाय होय," एवढंच म्हणाले.

पण मग मी पुढचा भाग सांगितला आणि मामा खुर्चीत पुढं सरकून बसले. ३ जून १९८६ ला जपानमध्ये सुपर मारिओ ब्रदर्स २ आला, डिस्कवर. दिसायला पहिल्यासारखाच पण नुसता छळ. मशरूम समजून खाल्लं तर ते विषारी. वारा सुटतो आणि उडी वाहून जाते. आणि त्यात असे वॉर्प झोन आहेत जे तुम्हाला पुढं नेतच नाहीत, तिसऱ्या वर्ल्डमधनं सरळ पहिल्यात आणून सोडतात. सगळ्यात भारी म्हणजे आठ वर्ल्डनंतर एक नववं वर्ल्ड आहे, ते फक्त त्यालाच मिळतं ज्यानं पूर्ण गेममध्ये एकदाही वॉर्प वापरला नाही.

मामा टेबलावर हात आपटून उठलेच. "बघा! बघा की! कंपनीनंच मानलंय माझं!"

म्हणजे बघा, एका वर्षात निन्टेंडोनं शॉर्टकटबद्दलचं मत फिरवलं. १९८५ ला स्वागत, १९८६ ला शिक्षा. आपल्या प्रकरणातल्या दोन्ही बाजूंना कंपनीचा दाखला मिळतो, आणि म्हणूनच हे भांडण नुसतं ‘मामा म्हातारे झाले’ म्हणून उडवून लावण्यासारखं नव्हतं.

हा दुसरा भाग अमेरिकेतल्या निन्टेंडोला फार अवघड वाटला, त्यांनी तो घेतलाच नाही. त्याऐवजी जपानमध्ये १९८७ ला एका टीव्ही चॅनेलच्या मेळ्यासाठी केलेला डोकी डोकी पॅनिक नावाचा गेम होता, त्यातली पात्रं बदलून मारिओ, लुइजी, टोड आणि राजकन्या घातले आणि १९८८ ला तोच तिकडचा मारिओ २ झाला. भाजी उपटून फेकायचा तो. गंमत म्हणजे आमच्या कॅसेटवाल्यांना शिव्या देतो आपण, दुसऱ्याच्या गेमवर मारिओचं डोकं चिकटवतात म्हणून, पण ते काम कंपनीनं स्वतः आधी केलंय. अर्थात त्यांच्या हाताला सफाई होती. डिप्लोमावाल्याला हे लई आवडलं. खरा जपानी दुसरा भाग बाहेरच्या जगाला मिळाला १९९३ ला, सुपर मारिओ ऑल-स्टार्समध्ये, द लॉस्ट लेव्हल्स ह्या नावानं, आणि त्यात सेव्ह करायची सोय आलेली होती.

तिसरा भाग जपानमध्ये २३ ऑक्टोबर १९८८ ला आला, अमेरिकेत १९९० ला. त्यात शॉर्टकट म्हणजे पाईपची खोली नाही राहिली, खिशात ठेवायची वस्तू झाली, शिट्टी. तीन शिट्ट्या पूर्ण गेममध्ये. एक तर १-३ मध्ये, पांढऱ्या ठोकळ्यावर खाली दाबून धरून बसायचं, थोड्या वेळानं मारिओ चित्राच्या मागं पडतो, मग मागनंच पळत जायचं. म्हणजे शॉर्टकट आहे पण कमवावा लागतो. हा मला तरी सगळ्यात शाणा तोडगा वाटतो, फुकट नाही आणि शिक्षाही नाही.

त्यानंतरचं भरभर. १९९० चा सुपर मारिओ वर्ल्ड, बॅटरीवर सेव्ह, नकाशावर स्टार रोड नावाची आडवाट जी शेवटच्या किल्ल्याजवळ नेते. १९९६ चा सुपर मारिओ ६४, थ्रीडी, १२० तारे पण ७० जमले की शेवटच्या दारापर्यंत जाता येतं, म्हणजे कुठले पन्नास गाळायचे ते तुम्हीच ठरवा. सेव्ह आल्यावर वॉर्पची गरजच कमी झाली, कारण उद्या पुढनं खेळता येतं. आणि २००९ चा न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी, त्यात एकाच लेव्हलला आठ वेळा मेलात तर गेम स्वतःच विचारतो, मी खेळून दाखवू का. हे ऐकून मामांचं तोंड कडू झालं. पुढं २०१७ चा ओडिसी, २०२३ चा वंडर, पण शहापूरच्या भांडणाला त्यांचा उपयोग नव्हता म्हणून मी तिथंच थांबलो, तसंही आरतीची घंटा वाजली होती.

घड्याळाचा घोळ

खरा घोळ मात्र वेगळाच होता आणि तो कुणाच्या ध्यानातच आला नव्हता. दोन मशीनवरचा वेळ एकमेकांशी लावताच येत नाही.

आपल्याकडचा जुना टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० वेळा चित्र. जपान अमेरिकेतला ६० वेळा. मारिओ लिहिला गेला तो ६० च्या हिशेबानं, आणि त्या गेममध्ये सगळं काही, मारिओचं पळणं, उडी, कासवं, गाणं, टायमर, सगळं एकेका चित्राला एकेक पाऊल पुढं जातं. कंपनीनं युरोपसाठी गेमचा वेग दुरुस्त करून वेगळी कॅसेट काढली होती, पण आपल्याकडच्या डुप्लिकेट मशीनमध्ये तोच ६० वाला गेम ५० वर चालायचा. म्हणजे खेळ सहाला पाच ह्या प्रमाणात मंद. आपण सगळे लहानपणी मंद मारिओ खेळलोय आणि तोच खरा समजलोय.

अध्यक्षांना हे तोंडी सांगून पटेना. मग करून दाखवलं. दोन्ही मशीन शेजारी शेजारी, १-१ सुरू केली आणि मारिओला जागेवरनं हलवलाच नाही. तिथं उभा राहिला तर काही होत नाही, पहिला शत्रू तुम्ही पुढं सरकल्याशिवाय येतच नाही. वर उजवीकडं टाईम ४०० पासून उतरायला लागतो. हा आकडा म्हणजे सेकंद नव्हे, दर २४ चित्रांना तो एकानं कमी होतो. ४०० चे ३०० व्हायला स्टिकवर जवळपास ४० सेकंद लागले, जुन्या डब्यावर जवळपास ४८. सगळे गप्प. डब्यावरचं गाणंही रेंगाळत होतं, सूर तोच पण ठेका पेंगुळलेला, आणि शेजारी दुसरं लावल्यावर ते एकदम कानाला कळलं. एक कार्यकर्ता म्हणाला मला वाटायलंय आमचा टीव्हीच म्हातारा झालाय.

ह्या हिशेबानं पोरगीचे ९ मिनिटं ४० सेकंद जुन्या डब्यावर ११ मिनिटं ३६ सेकंद झाले असते. आणि मामांचे ३६ मिनिटं स्टिकवर ३० झाले असते. म्हणजे मामांची सहा मिनिटं तर मशीननंच खाल्ली. मामांनी हे वाक्य माझ्याकडनं तीनचार जणांसमोर परत परत वदवून घेतलं.

जगात ह्या गेमच्या शर्यती लावणारे लोक आहेत, स्पीडरन म्हणतात, त्यांनी हे कधीच सोडवून ठेवलंय. मशीनचा प्रकार ठरलेला, आणि वॉर्पसकट एक यादी, वॉर्पशिवाय दुसरी यादी. वॉर्पसकटचा विक्रम २०२१ ला ४ मिनिटं ५५ सेकंदांच्या आत गेला. वॉर्पशिवायवाले १९ मिनिटांच्या आत ३२ लेव्हल संपवतात. दोन्ही याद्यांत माणसं आहेत आणि कुणी कुणाला घाबरट म्हणत नाही. आणि खुद्द निन्टेंडोनं १९९० ला अमेरिकेत गावोगावी मोठी स्पर्धा घेतली तेव्हा गेम संपवायची अटच ठेवली नाही. ६ मिनिटं २१ सेकंदांचा एकूण वेळ, त्यात आधी मारिओमध्ये ५० नाणी गोळा करायची, मग गाडीच्या रेसचा गेम, मग उरलेल्या वेळात टेट्रिस, आणि शेवटी गुणांची बेरीज. शॉर्टकटचा प्रश्नच मिटवला. मी मंडळाला हेच सुचवलं होतं की नाणी मोजा, पण लोकांना राजकन्या सुटलेली बघायची होती, नाण्यात काय मजा.

फेरस्पर्धा

ठरलं ते असं. ३२ लेव्हलचं वेगळं बक्षीस, पाचशे रुपये, ते मामांना बिनविरोध कारण दुसरं कुणी खेळलंच नव्हतं. हजार आणि कुंद्यासाठी तिघांनी परत खेळायचं, तिघांनी जुन्याच डब्यावर, सगळ्यांनी १-१ पासून, वॉर्प चालेल, मेनूतनं उडी चालणार नाही. आठच्या आरतीआधी संपलं पाहिजे.

डिप्लोमावाला ४-१ मध्ये ढगात बसून काटेरी प्राणी फेकणारा असतो ना, त्याच्या हातनं तिन्ही लाईफ घालवून बसला आणि चहा आणायला गेला.

पोरगी बसली. आणि पहिल्या दोन मिनिटातच कळलं की तिचं गणित बिघडलंय. तिच्या हाताला ६० चा वेग बसलेला, इथं सगळं मंद, त्यामुळं ती प्रत्येक उडी किंचित आधी मारायची. १-१ च्या खड्ड्यात एक लाईफ गेलाच. मग सावरली, १-२ चं छत, चारचा पाईप, ४-२ ची वेल, सगळं बरोबर केलं, तिच्या मैत्रिणी मागनं "बेगा बेगा", म्हणजे कन्नडमध्ये लवकर लवकर, ओरडत होत्या. पण ८-१ लांबलचक लेव्हल आहे आणि तिथं टायमर ४०० नाही, ३०० पासूनच सुरू होतो. खड्ड्यांवर खड्डे. तिथं उरलेले लाईफ गेले आणि काळ्या पडद्यावर गेम ओव्हर.

तिनं रिमोट खाली ठेवला. डोळ्यात पाणी यायच्या बेतात. आणि मागनं मामांचा आवाज, "अगं पोरी, ठेवू नको खाली! ए बटण दाबून धर आणि स्टार्ट मार."

तिला कळेना. मामा पुढं येऊन स्वतः दाखवायला लागले. हे त्या १९८५ च्या गेममध्ये खरोखर आहे, गेम ओव्हर झाल्यावर सुरुवातीच्या पडद्यावर ए धरून स्टार्ट दाबलं की ज्या वर्ल्डमध्ये मेला त्याच वर्ल्डच्या पहिल्या लेव्हलला सुरू होतो, नव्या तीन लाईफसकट. पडद्यावर कुठंही लिहिलेलं नाही. पार्लरमध्ये पैसे मोजणाऱ्या पोरांकडं ही विद्या असायची आणि ती फुकट कुणाला सांगायचे नाहीत. मामांनी सांगितली, तीही समोरच्या खेळाडूला, स्टॉपवॉच चालू असताना.

ती परत ८-१ ला लागली. ह्या वेळी तिनं काय केलं, पळायचं बटण सोडून दिलं आणि अवघड खड्डे चालत येऊन ओलांडले. ८-३ चे हातोडेवाले पार केले, ८-४ च्या पाईपांच्या भुलभुलैयात एकदा चुकून फिरून परत आली, आणि संपवलं. सतरा मिनिटांच्या आसपास.

मग मामा. एक गोष्ट सांगायची राहिली, मामांचा हात बघण्यासारखा आहे. अंगठा बटणावर आडवा ठेवतात, टोकाखाली पळायचं बी दाबलेलंच असतं, आणि अंगठ्याच्या पेरानं उडीचं ए मारतात, त्यामुळं मारिओ कधी थांबतच नाही. १-२ पर्यंत ते पोरगीच्या कितीतरी पुढं होते. चारच्या पाईपात उतरले, जन्मात पहिल्यांदा असं स्वतःच म्हणाले. ४-१ सहज. आणि ४-२ मध्ये आले, आणि वेल कुठं आहे तेच माहीत नाही. पोरगी खेळताना बघितलं होतं, पण न दिसणारा ठोकळा बघून लक्षात राहत नाही, हवेतच डोकं मारायचं असतं, वीतभर इकडंतिकडं झालं की नुसतीच उडी. त्यांनी दोनचार उड्या मारल्या, टायमर उतरायलाय, मग "जाऊ दे तिकडं" म्हणून छतावरनं पळत शेवटाला गेले. तिथंही वॉर्प आहे पण एकच पाईप, पाचचा. म्हणजे पाच, सहा, सात आणि आठ, सोळा लेव्हल पुढ्यात.

त्यांनी त्या सोळाही खेळल्या, एकही लाईफ न घालवता, ७-४ च्या फिरत्या वाटेसकट. लोक आरती थांबवून बघत होते. पण वेळ पंचवीस मिनिटांच्या वर गेला.

हजार रुपये आणि कुंदा पोरगीला. लगेच एकानं काढलं की तिला बाहेरनं मदत झाली, बाद करा. मी म्हटलं कंटिन्यू हे मूळ गेममध्ये आहे, कॅसेटवाल्यानं घातलेलं नाही, आपली रेघ तीच ठरली होती. आणि कुणी सांगू नये असा नियम नव्हता, आणि ज्यानं सांगितलं त्याचीच तक्रार नाही. मामांना विचारलं तर म्हणाले, "मी सांगितलं नसतं तर ती रडली असती की. मग काय खेळायचं." कुंदा तिनं तिथंच फोडला.

पुढच्या वर्षीच्या फ्लेक्ससाठी मी चार ओळी लिहून दिल्यात. सगळ्यांना एकच मशीन, १-१ पासून सुरुवात, वॉर्पसकट आणि वॉर्पशिवाय दोन वेगळी बक्षिसं, कंटिन्यू चालेल पण घड्याळ थांबणार नाही. कन्नडमध्ये कोण करून देणार ते अजून ठरलेलं नाही.

मामांना मी तो १९८६ चा दुसरा भाग पेन ड्राईव्हवर घालून दिलाय, नवव्या वर्ल्डसाठी हटून बसले होते. त्यात आणखी ए पासून डी पर्यंत चार वर्ल्ड आहेत आणि ती उघडायला गेम आठ वेळा संपवावा लागतो, हे मी त्यांना मुद्दाम सांगितलेलं नाही. परवा फौंड्रीतनं सुटल्यावर दुकानात आले, सायकल स्टँडला लावायच्या आधीच ओरडले, "काय रे, हे मशरूम खाल्लं की माणूस मरायलाय कसा?"